लाल साय काढली तरी परत येते, काय करू? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपुरात मनीषनगरला राहतो. मागच्या डिसेंबरात रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला, तीन फूट बाय दीड बाय दीड, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) आहे, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, थोडे झोअँथिड, मशरूम आणि एक हॅमर, असे कोरल (प्रवाळ). एप्रिलपर्यंत सगळं मस्त होतं. मेच्या शेवटी वाळूवर गडद लाल थर यायला लागला, आता दगडावर चढला आणि हॅमरच्या बुडाशी पण पोचला. दर रविवारी पाइपने ओढून काढतो, बुधवारी परत तेवढाच. दुपारी त्याच्यावर बुडबुडे धरलेले दिसतात. दुकानदाराने बॅक्टेरियाची बाटली आणि सोबत कार्बन डोसिंगची बाटली दिली, ती जूनपासून रोज टाकून राहिलो. टेस्ट केली तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.१५ येतं. उन्हाळ्यात पाणी २९-३० डिग्रीला जायचं म्हणून एप्रिलमध्येच सम्पवर दोन पंखे लावले, रोज पाच लिटरच्या आसपास पाणी उडायचं, ते घरच्या आरओचं भरतो, त्याचा टीडीएस ७० आहे. आता एक मित्र म्हणतो मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आण, दोन दिवसांत साफ. टाकू का? आणि हे येऊन काहून राहिलं, खायला तर मी दिवसातून एकदाच देतो.

उत्तर: भाऊ, तुम्ही आकडे लिहून पाठवले त्यामुळे मला अंदाज बांधत बसावं लागलं नाही, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. आधी गोळ्यांचं सांगते, आत्ता टाकू नका. कारण पुढे लिहिते.

हे जे आहे त्याला दुकानात रेड स्लाइम अल्गी म्हणतात पण ते शेवाळ नाहीच, ते बॅक्टेरिया आहेत, सायनोबॅक्टेरिया. दुधावरची साय कशी बोटाने ओढली की अख्खी पापुद्र्यासारखी निघते, तसं हे वाळूवरून निघतं, आणि खरं शेवाळ असतं तर असं निघालं नसतं, ते दगडाला धरून बसतं. दुपारी दिसणारे बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन, हे बॅक्टेरिया झाडांसारखं प्रकाशावर अन्न बनवतात आणि तो ऑक्सिजन सायीखाली अडकतो. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, यांच्याच पूर्वजांनी. लाल रंग येतो फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. म्हणजे तुमच्या टँकमध्ये काही रोग आलेला नाही, हे जीव प्रत्येक टँकमध्ये असतातच, फक्त त्यांना आता तुमच्याकडे जेवणही मिळून राहिलं आणि मोकळी जागाही.

जेवण कुठून, ते बघू. तुम्ही म्हणता खायला एकदाच देतो, आणि ते खरंच असेल. पण रोज पाच लिटर पाणी भरता ना, ते पण खाऊच आहे. टीडीएस ७० म्हणजे एका लिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला माल, पाच लिटरमागे ३५० मिलिग्रॅम. पाणी उडून जातं, हा माल उडत नाही, तो टँकमध्येच राहतो, दुसऱ्या दिवशी परत ३५०. एप्रिल मे जून, ९० दिवस धरा, साडेएकतीस ग्रॅम झाले. तुमच्या टँकमध्ये सहा किलोच्या वर मीठ आहे, त्यापुढे हे काहीच नाही असं वाटेल आणि बहुतेक भाग निरुपद्रवी कॅल्शियम, बायकार्बोनेटच असतो. पण फॉस्फेटचा हिशेब वेगळा आहे. रीफला आपण फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवायला बघतो, तुमच्या टँकच्या साधारण १८० लिटरमध्ये ०.१ म्हणजे अख्ख्या टँकमध्ये मिळून फक्त १८ मिलिग्रॅम! साडेएकतीस ग्रॅमचा हजारावा हिस्सा जरी फॉस्फेट असला तरी ३१ मिलिग्रॅम होतात. शिवाय नायट्रेट आणि सिलिकेट त्याच पाण्यातून. मुंबईच्या टँकवाल्यांना हे एवढं जाणवत नाही कारण त्यांच्याकडे हवा आपल्यासारखी कोरडी नसते, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलर जसा मस्त चालतो तसाच सम्पवरचा पंखा मस्त चालतो, पाणी दोन-तीन डिग्रीने उतरवतो, पण त्याची किंमत अशी पाणी उडण्यात द्यावी लागते. म्हणून माझं नेहमी म्हणणं असतं की नागपुरात रीफ टँक सांभाळायचा तर भरायच्या पाण्याकडे माशांपेक्षाही जास्त लक्ष द्या.

आता तुमच्या घरच्या आरओला दोष नाही, तो प्यायच्या पाण्यासाठी बनवलेला आहे. त्यात टीडीएस कंट्रोलर म्हणून एक छोटा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मुद्दाम मिसळतो म्हणजे चव येते, काहींत मिनरलचं कार्ट्रिज पण असतं. सर्व्हिसवाल्याला सांगून टँकसाठी कंट्रोलरच्या आधीच, म्हणजे मेम्ब्रेनमधून निघालेल्या पाण्याचा वेगळा नळ काढून घ्या आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनचं एक कार्ट्रिज (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं) लावा. टीडीएस शून्य यायला पाहिजे, ३-४ च्या वर गेला की रेझिन बदला. घरी बोअरचं पाणी असेल तर रेझिन भराभर संपेल, आपल्याकडच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड असतं, तेव्हा शक्य असेल तर नळाचंच पाणी मशीनला द्या. आणि टीडीएस मीटर जवळ ठेवा, काही शे रुपयांत येतो, महागड्या बाटल्यांच्या आधी तो घ्यायला हवा होता असं मला प्रत्येक नवीन माणसाला सांगावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट ती कार्बनची बाटली. इथे खरी गडबड झाली आहे. कार्बन डोसिंग म्हणजे व्हिनेगर, व्होडका किंवा तयार औषध टाकून पाण्यातले बॅक्टेरिया वाढवायचे, ते वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) त्यांना बाहेर काढतो. पण दोन्ही सारख्या मापात खात नाहीत. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे १६ अणू असतात, असं ठरावीक प्रमाण असतं हे आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे नायट्रेट आधी संपतं आणि फॉस्फेट उरून राहतं, तुमचे आकडे नेमके तेच सांगतात, शून्य आणि ०.१५. आता नायट्रेट संपलं की कोरलची, कोरलाइन अल्गीची (दगडावरचा जांभळा कडक थर), चांगल्या बॅक्टेरियाची, सगळ्यांची वाढ अडते. पण सायनोच्या कित्येक जाती हवेतलाच, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू पकडून वापरू शकतात. भंडारा-गोंदियाकडे धान पिकवणाऱ्यांना निळं-हिरवं शेवाळ हे नाव ओळखीचं असेल, भाताच्या बांधीत खत म्हणून टाकतात ते याच कुळातलं, आणि ते टाकतात ते याच गुणासाठी! शेतात जे वरदान आहे ते तुमच्या टँकमध्ये डोकेदुखी झालं, कारण इथे बाकी सगळे उपाशी आणि हा एकटा पोटभर. वर विरघळलेला कार्बन पण काही सायनोंना आयता मिळतो. वाळूवरची साय जूननंतर दगडावर चढली ती मला वाटतं याच्यामुळे.

तर कार्बनचा डोस दर तीन-चार दिवसांनी अर्धा करत दोन आठवड्यांत बंद करा, एकदम तोडू नका. नायट्रेट आपोआप वर येईल, ५ च्या आसपास आलं की बरं समजा. तीन आठवड्यांत आलंच नाही तर मासे थोडे जास्त खाऊ घाला. फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे ते लोहाचं तपकिरी दाणेदार मीडिया, पाकिटावर लिहिलं त्याच्या पाव हिश्शाने सुरू करा. एका रात्रीत ०.१५ वरून शून्यावर आणलं तर कोरल पांढरे पडतात आणि त्याहून वाईट पाहुणा येतो, तो कोणता ते खालच्या प्रश्नात आहेच.

पाण्याचा प्रवाह तुम्ही लिहिला नाही. वाळूवर साय जिथे सगळ्यात जाड असते तिथे बोटभर अंतरावर माशाच्या खाण्याचा एक दाणा सोडून बघा, तो तिथेच पडून राहिला तर ती जागा मेलेली आहे. मिक्स रीफला ताशी टँकच्या २०-३० पट पाणी फिरलं पाहिजे, तुमच्याकडे साधारण चार-पाच हजार लिटर. एक मोठा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढकलणारा पंप) समोर लावण्यापेक्षा दोन छोटे आमनेसामने लावले तर दगडाच्या मागे पण पाणी पोचतं. फक्त हॅमरवर थेट झोत नको, त्याचं मांस फाटतं.

काढायची पद्धत पण थोडी बदला. लाइट लागायच्या आधी सकाळी, एअरलाइनच्या बारीक नळीने, हळूहळू. ब्रशने घासून उडवू नका, तुकडे सगळीकडे पसरतात. एका वेळी वीसेक लिटर पाणी निघेल तेवढंच काढा आणि तेवढं नवीन मीठपाणी भरा, क्षारता दर हजारी ३५ आहे का बघूनच. वाळू खोलवर ढवळू नका, खाली ऑक्सिजन नसलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) देत असाल तर क्यूब आधी चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याखाली विरघळवा, ते जे गढूळ पाणी निघतं ते सगळं फॉस्फेट आहे असं समजा, सिंकमध्ये जाऊ द्या.

हे सगळं चार-सहा आठवडे नेटाने केलं तर साय पातळ होत जाईल. मधल्या काळात हवं तर तीन दिवसांचा ब्लॅकआउट करू शकता, लाइट पूर्ण बंद, टँकला जाड चादर, कोरल तीन दिवस सहन करतात. त्याआधी साय ओढून घ्या आणि आत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू ठेवा. पाणी न सुधारता नुसता ब्लॅकआउट केला तर पंधरा दिवसांत परत तेच.

आता गोळ्या. माझ्या घरी मी एकदा हेच केलं होतं, असाच जुलै होता, दमट हवा, पंख्याने पाणी थंड होईना, २९ डिग्री. संध्याकाळी एरिथ्रोमायसिन टाकलं आणि झोपले. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात रात्रभर मरणारी साय सडताना उरलेला ऑक्सिजन ओढून घेत होती आणि मी एअरस्टोन लावला नव्हता. सकाळी माझा पिवळा टँग मासा तळाशी पडलेला होता, साडेचार वर्षं सांभाळलेला, हातून खायचा तो. आजही ते लिहिताना जीव तुटतो. आणि साय पाच आठवड्यांनी परत आली, कारण पाणी तेच होतं. त्याच्याशिवाय हे माणसांचं अँटिबायोटिक आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध, आणि तुम्ही बदललेलं पाणी नालीतून शेवटी नाग नदीतच जाणार, तिथे जगणाऱ्या बॅक्टेरियांना आपण प्रतिकार शिकवतो. हे मला योग्य वाटत नाही. सगळं करून दोन महिन्यांनीही कोरल सायीखाली गुदमरत असेल तर रेड स्लाइम रिमूव्हर मिळतात, मोजून टाका, यूव्ही दिवा आणि कार्बन मीडिया (म्हणजे फिल्टरमधला कोळसा, ती डोसिंगची बाटली नव्हे) बंद, स्किमर फेस फेकेल म्हणून कप काढून चालू, एअरस्टोन दिवसरात्र, ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला. टाकाल तो दिवस घरी असण्याचा ठेवा आणि लाइट जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवरचा एअरपंप हाताशी असू द्या.

प्रश्न: माझ्याकडे उलट आहे, नायट्रेट शून्य, फॉस्फेट पण शून्य, पाणी एकदम स्वच्छ, दर आठवड्याला २० टक्के बदलते. तरी वाळूवर तपकिरी चिकट थर, तारा निघतात, टोकाला बुडबुडे. रात्री कमी होतो, सकाळी लाइट लागला की दोन तासांत परत. दोन टर्बो गोगलगायी मेल्या. हा पण सायनो का? (सदर, नागपूर)

उत्तर: नाही, मला हे डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) वाटतात, आणि वर ज्या वाईट पाहुण्याचा उल्लेख केला तो हाच. रात्री गायब होऊन दिवसा परत येणं आणि गोगलगायी मरणं या दोन्ही गोष्टी त्याच्याकडेच बोट दाखवतात, काही डायनो विषारी असतात आणि त्यांना खाणारे मरतात. खात्री करायला एका पेल्यात थोडा थर टँकच्या पाण्यासोबत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टर किंवा टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं स्वच्छ पाणी लाइटखाली तासभर ठेवा. तासाभरात परत गोळे-तारा जमल्या तर डायनो, नाही जमल्या तर बहुधा सायनो किंवा डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ). कॉलेजात बायोलॉजी शिकणारं कोणी पोरगं ओळखीचं असेल तर मायक्रोस्कोपखाली थेंब दाखवा, सायनो म्हणजे लांब धाग्यांसारखं, डायनो म्हणजे हलणारे सुटे दाणे, चूक होऊच शकत नाही.

डायनोंना तुमची स्वच्छताच आवडली आहे ताई. उपाशी टँकमध्ये बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि हे जागा बळकावतात. पाणी बदलणं काही दिवस थांबवा, जीएफओ काढून टाका, मासे दोनदा खाऊ घाला, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ पर्यंत येऊ द्या. मला माहीत आहे की हे उरफाटं वाटतं, एवढ्या मेहनतीने शून्यावर आणलेलं परत वाढवायचं, पण इथे दुसरा रस्ता नाही. जे डायनो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात त्यांच्यावर यूव्ही चांगला चालतो, फक्त तो थेट डिस्प्लेमधून, म्हणजे मुख्य टँकमधून पाणी ओढेल असा लावा. उरलेल्या गोगलगायी सध्या बाहेर काढून वेगळ्या ठेवा.

प्रश्न: मामेभाऊ मालवणला असतो, तो म्हणतो समुद्रातला जिवंत दगड आणि पाणी आणून देतो, त्याच्यातल्या बॅक्टेरियाने सायनो जाईल. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. जिवंत दगड म्हणजे बहुधा जीवजंतू वसलेला प्रवाळाचाच सांगाडा, आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, समुद्रातून तोडून किंवा उचलून आणणं गुन्हा आहे, आणि मालवणच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे. भावाला प्रेमाने सांगा की नको. पाण्याचं म्हणाल तर एवढ्या लांबून बंद कॅनमध्ये गरमीत येता येता त्यातले जीव मरतात आणि तुम्ही सडलेलं पाणी टँकमध्ये ओताल. ओळखीच्या, जुन्या, निरोगी टँकमधला मुठीएवढा दगड किंवा वाटीभर वाळू मागून घ्या, काम तेच होईल.

प्रश्न: सायनो लागलेला झोअँथिडचा दगड आहे, तो पाण्यात उकळून साफ करून परत ठेवावा असं बघितलं. घरात दोन वर्षांचं पोट्टं आहे, सायनो विषारी असतो का म्हणून पण विचारते. (प्रतापनगर)

उत्तर: तुमचा प्रश्न मी बाकीच्यांच्या आधी वाचला आणि लगेच निरोप पाठवला होता, इथे सगळ्यांसाठी परत लिहिते. दगड उकळू नका. झोअँथिड आणि त्यांच्यातलाच पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं, १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. ते उकळून नष्ट होत नाही, उलट वाफेच्या थेंबांबरोबर हवेत जातं, आणि असा दगड घरात उकळल्यामुळे कुटुंबच्या कुटुंब दवाखान्यात गेल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत झालेल्या आहेत. ताप, थंडी, खोकला, धाप, छातीत दुखणं, काही तासांत सुरू होतं. गरम पाण्याचा झोत पण नको, कोरडा दगड ब्रशने घासणं पण नको.

सायनोबद्दल सांगायचं तर तलावातल्या काही जाती विष बनवतात, म्हणून तलावावर हिरवा तवंग असला की तिथे पोराला पाण्यात हात घालू देऊ नये. टँकमधल्या लाल सायीला हात लावून सहसा काही होत नाही, पण नळी तोंडाने ओढू नका, हात साबणाने धुवा आणि जखम असेल तर हात घालू नका.

तुमचा दगड असा साफ करा, बादलीत टँकचंच पाणी घ्या, दगड पूर्ण बुडवून ठेवा, हातात लांब ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर चष्मा, पाण्याखालीच मऊ ब्रशने साय हलकेच सोडवा आणि दगड परत ठेवा. हे गॅलरीत करा, पोट्टं आत झोपलेलं असताना. बादलीतलं पाणी थेट संडासात टाका, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. आणि या आधीच कधी उकळला असेल आणि घरात कोणाला धाप किंवा ताप असेल तर वाट बघू नका, दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द कागदावर लिहून द्या.